शिकवणी गुरुवारी, सासूबाईंकडे

९ फेब्रुवारी, रविवार

ही माहेरी गेली त्याला आज तेवीस दिवस झाले. मैत्रिणींना फोनवर "महिना झाला" असं सांगते म्हणे. महिना व्हायला अजून आठ दिवस आहेत.

कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. माझ्या ऑफिसातले दोघे जेवायला आले होते. आमची पहिली भेट कशी झाली ते ही रंगात येऊन सांगत होती. मी वजनकाटे तपासणारा माणूस. हिच्या चष्म्याच्या दुकानाशेजारी पोस्ट आहे, तिथला काटा तपासायला गेलो होतो. ही म्हणाली, मंगळवार होता आणि धो धो पाऊस पडत होता. मी म्हटलं, बुधवार, आणि नुसतं आभाळ आलं होतं. ही म्हणाली, बरं, बुधवार; तर ह्याच्या हातात ते दहा किलोचं वजन. मी म्हटलं, पाच किलोचं. तिथे हिने सांगणंच थांबवलं. पाहुण्यांचा गैरसमज राहू नये म्हणून मी कपाटातून त्या वर्षीची नोंदवही काढून दाखवली. आमच्या नोंदवहीत हवामानाचाही रकाना असतो. तिन्ही गोष्टी माझ्याच बरोबर निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बॅग घेऊन दारात उभी. म्हणाली, "काही दिवस मला चुकीचं बोलायचंय. आईकडे जाते."

ह्यात माझं काय चुकलं ते कुणीतरी मला कागदावर मांडून दाखवावं.

आज जुन्या बाजारातून एक मेलोडियन आणलं. छातीशी धरायचं वाद्य. मध्ये भाता, उजव्या हाताला दहा बटणं, डाव्या हाताला दोन-चार. घरात फार शांतता आहे, काहीतरी उद्योग हवा म्हणून आणलं. हिच्या वडिलांचं असंच एक होतं, ते कपाटावर ठेवलेलं मी पाहिलंय. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानदाराने नादुरुस्त माल गळ्यात मारला. एकच बटण दाबून भाता ओढला की एक सूर येतो, दाबला की दुसराच! दहाच्या दहा बटणांचं हेच. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून परत करायला गेलो. दुकानदार इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. म्हणाला, "साहेब, त्याला मेलोडियन म्हणतात." माझी चूक होती हे मान्य, पण हसायचं काय कारण? वजनकाट्यावर एकच वजन ठेवून दोन आकडे आले तर मी काटा जप्त करतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अकॉर्डियन शिकवणाऱ्या मास्तरांकडे गेलो. ते वाद्यं दुरुस्तही करतात. माझं मेलोडियन पाहून त्यांनी हात वर केले. "माझं पियानोसारख्या पट्ट्यांचं. हे जनावर वेगळं. गावात हे शिकवू शकेल अशी एकच बाई आहे. पाण्याच्या टाकीमागे, तिसरा मजला, निळं दार."

ते निळं दार माझ्या सासूबाईंचं आहे.

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण मला विचारायचंय की अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं का नाही? सासरे वाजवायचे हे माहीत होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली. सासूबाई वाजवतात, इतकंच नाही तर सासऱ्यांना त्यांनीच शिकवलं, हे मला एका परक्या मास्तराकडून कळावं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. हिने उचलला, माझा आवाज ऐकून "आईला देते" म्हणाली. सासूबाईंना सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. खोकला खरा नव्हता.

"गुरुवारी साडेपाच," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते जावईबापू, शिकायला यायचं. तिला न्यायला नाही."

"मी तसं कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत. म्हणून मीच म्हटलं."

मग त्यांनी आवाज बारीक करून आणखी एक गोष्ट सांगितली. हिचं दुकान दुसऱ्या गावी शाखा काढतंय आणि तिथली मुख्य म्हणून हिला विचारलंय. मेअखेर उत्तर द्यायचंय. ते गाव रेल्वेने नऊ तासांवर आहे. एवढी मोठी गोष्ट नवऱ्याला सासूकडून कळते. ही गेली तर ती काही दिवसांसाठी जाणार नाही, हे मलाही समजतं. मी पाणी प्यायलो आणि ऑफिसचं काम करत बसलो. एकच बेरीज तीनदा केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहिली शिकवणी. एक तासात एकही सूर वाजवू दिला नाही. डाव्या अंगठ्याखाली हवेचं एक बटण असतं, ते दाबलं की भाता मुकाट्याने उघडतो-मिटतो. तासभर नुसता तो उघडला आणि मिटला. मी विचारलं, पुस्तक कुठलं आणायचं? म्हणाल्या, "पुस्तक नाही. मी वाजवीन, तुम्ही ऐकायचं, मग तुम्ही वाजवायचं."

"लिहून काही देणार नाही?"

"नाही."

शिकवायची ही कुठली पद्धत? माणसाने मग पडताळायचं कशाशी?

ही सव्वासहाला कामावरून आली. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. खांद्यावर नवीन पिशवी होती, हिरवी.

६ मार्च, गुरुवार

मी घरी तक्ता तयार केला: दहा बटणं, दोन दिशा, वीस सूर, लाल आणि निळ्या शाईत. लॅमिनेशन करून घेतलं. सासूबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांजवळ नेला, "सुरेख" म्हणाल्या आणि चहाची किटली त्यावर ठेवली. शिकवणी संपेपर्यंत ती तिथेच होती.

आज भाता पुरा उघडून बसला आणि पुढचे तीन सूर ओढायचेच होते. पण भात्याला ओढायला जागाच उरली नाही. मी म्हटलं, चालीची रचनाच चुकीची आहे. सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." सासूने जावयाला असं बोलावं का, हा एक वेगळाच विषय आहे.

२७ मार्च, गुरुवार

सासऱ्यांच्या आवडीची एक चाल शिकवताहेत. पहिल्या दोन ओळी आल्या. रोज ऑफिसातून आल्यावर पाऊण तास बसतो. वरच्या मजल्यावरच्यांनी काठी आपटली. तोंडावर येऊन बोलायची हिंमत नाही.

आतल्या खोलीचं दार आज अर्धं उघडं राहिलं होतं. मागच्या गुरुवारीही तसंच. बिजागरी सैल झालीय. त्या घरात अशा गोष्टींकडे कुणाचं लक्ष नाही. पुढच्या वेळी पेचकस नेतो.

३ एप्रिल, गुरुवार

शिकवणीआधी बिजागरी आवळली. दार आता आपोआप, घट्ट बंद होतं. कुणी आभार मानले नाहीत. ही घरी आली, दार तिच्या मागे खट्कन लागलं. थोड्या वेळाने ते पुन्हा उघडलं आणि हिने फटीत चप्पल अडकवून ठेवली. आता काय बोलावं! चांगल्या दुरुस्त केलेल्या दाराला चप्पल!

सासूबाई हसू दाबत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "वाजवा तुम्ही."

१० एप्रिल, गुरुवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि ती माझ्या पेशातली आहे. सासूबाईंचं मेलोडियन बेसूर आहे. माझं जुन्या बाजारातलं असून त्याचा सूर सरळ येतो, त्यांचा हलतो. एक सूर लांबवला की त्यात थरथर ऐकू येते. घरी येऊन पुस्तकात पाहिलं: त्यांच्या वाद्यात प्रत्येक सुराला दोन पोलादी पाती असतात, हवा गेली की दोन्ही एकदम वाजतात. म्हणजे ती दोन पाती एकमेकांशी जुळत नाहीत. सहा वर्षांत कुणी उघडून पाहिलं नसणार. बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला ऐकूही येत नसेल. मला वाईट वाटलं.

१७ एप्रिल, गुरुवार

चाल पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजवली. ही दारात उभी होती, हातात टॉवेल. म्हणाली, "छान वाजवलंस."

फोनवरचं "आईला देते" सोडलं तर तेरा आठवड्यांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "तिसऱ्या ओळीत दोनदा चुकलो, तुझ्या लक्षात नाही आलं."

ही आत गेली. चप्पल पायाने बाजूला सारली आणि दार लागलं. मी माझीच चूक सांगत होतो! स्वतःची चूक सांगणंही आता गुन्हा आहे. सासूबाई म्हणाल्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," आणि मला चहा न देता घरी पाठवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. दोन आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणून शिकवणी एकदम १५ मेला. माझ्या मेलोडियनचं तिसरं बटण आत रुतून बसलंय. त्या म्हणाल्या, "तुमचं मास्तरांकडे टाका, तोवर माझं न्या. रोज वाजवा. बंद ठेवलं की भाता आखडतो."

ही आतून म्हणाली, "आई, बाबांचं देतेस?"

"मग काय कपाटाला देऊ?"

ह्या विश्वासाचं मला बरं वाटलं. बसमध्ये मांडीवर धरून आणलं. कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट मागितलं, त्यावरून जी बोलाचाली झाली ती इथे लिहीत नाही. आणि मनात एक बेत आलाय. गप्प बसून नुसतं वाजवण्यापेक्षा ह्या घरासाठी काहीतरी करून दाखवायची हीच संधी आहे.

४ मे, रविवार

उघडलं. पिना काढल्यावर भाता सुटतो आणि आत लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेली चाळीस पाती दिसतात. काम सुबक आहे. सूर मोजायच्या यंत्रावर तपासलं. विसापैकी एकाही सुराची जोडी जुळत नाही! दरवेळी दुसरं पातं पहिल्यापेक्षा वर. कुठे सेकंदाला दोन कंपनं, कुठे तीन, कुठे चार.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक जोडीशेजारी पेन्सिलीने आकडा लिहिलाय: अधिक दोन, अधिक तीन. अक्षर सासऱ्यांचं. म्हणजे त्यांना चूक माहीत होती, त्यांनी ती मोजलीही होती, आणि दुरुस्त केली नाही! मोजणाऱ्या माणसाने असा आळस करावा? मी त्यांना फार मानत होतो.

८ मे, गुरुवार

चार संध्याकाळी, दररोज पाच जोड्या. पात्याखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि मुळाशी अगदी हलकी कानस फिरवायची, म्हणजे सूर उतरतो. सवयीप्रमाणे प्रत्येकाचं आधीचं आणि नंतरचं माप कागदावर लिहिलं. वीसच्या वीस जोड्या जुळल्या. कुठेही थरथर नाही. पेन्सिलीच्या खुणा रबराने पुसून आत कापड फिरवलं. इतकं नेमकं काम मी नोकरीतही क्वचित केलंय.

पुढच्या गुरुवारी काही सांगायचं नाही. नुसतं हातात द्यायचं आणि तोंडाकडे बघायचं.

१५ मे, गुरुवार

सासूबाईंनी काळा चष्मा लावला होता. मेलोडियन घेतलं, पट्टे खांद्यावर ओढले आणि सासऱ्यांची चाल सुरू केली. दुसऱ्या ओळीत थांबल्या. एकच सूर धरून ठेवला, हवा संपेपर्यंत. मग दुसरा.

ही आतून आली. "आई, ह्याचं वाजवतेस का? तुझं कुठेय?"

सासूबाईंनी तिसरा सूर धरला. मी सांगितलं. यंत्राचे आकडे सांगितले, आधीचे आणि नंतरचे, कुठली कानस वापरली तेही सांगितलं. हिचं तोंड पांढरं पडत गेलं.

"तो फरक बाबांनी ठेवला होता," ही म्हणाली. "मुद्दाम. महिनाभर बसून, एकेक सूर. दोन पाती जरा दूर असली की सूर हलतो. तो हलायलाच हवा असतो. आईला त्यातली गंमत आवडते म्हणून केलं होतं त्यांनी."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू वाजवायला नेलं होतंस! तुला कुणी तपासायला सांगितलं होतं?" ही ओरडली. अकरा वर्षांत हिला ओरडताना मी ऐकलं नव्हतं. "सगळ्यात तुला चूकच कशी दिसते रे? दुसऱ्याचं काही वेगळं असलं की ते चूक?"

सासूबाईंनी पट्टे उतरवले. "जावईबापू, आज इतकंच."

बसस्टॉपपर्यंत मी रागातच होतो. प्रत्येक वाद्यावर सूचना चिकटवायला हवी, असं काहीतरी मनात जुळवत होतो. तीन बस गेल्या. त्यातली एकही माझ्या लक्षात आली नाही.

१७ मे, शनिवार

अकॉर्डियन मास्तरांकडे गेलो. सगळं ऐकल्यावर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "टोकाशी घासलं की सूर पुन्हा चढतो. पातं आणखी एकदा कानस सोसेल. दुसऱ्यांदा नाही. तुटेल."

माझा मला राग आलाय. आजवर मला दुसऱ्यांचा यायचा, तो उतरायचा. हा उतरत नाही. ती बाई डोळ्याला पट्टी बांधून घरात बसली होती आणि मी तिच्या नवऱ्याचा हात रबराने पुसत होतो. वर स्वतःला शाबासकी देत होतो. हे वाक्य पुन्हा वाचलं. खोडावंसं वाटलं, पण नाही खोडत.

२० मे, मंगळवार

सासूबाईंचा फोन. "शनिवारी सकाळी दहाला या. हत्यारं घेऊन या."

मी म्हटलं, मास्तरांकडून करून घेऊ, मी हात लावत नाही.

"ज्याने केलं त्यानेच निस्तरायचं. मास्तरांनी ऐकलेलं नाही ते. आम्ही ऐकलंय." मग म्हणाल्या, "तिला एकतीस तारखेला उत्तर द्यायचंय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. मी मध्ये पडत नाही."

"हो आई."

"आई म्हणालात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२४ मे, शनिवार

माझा आधीच्या मापांचा कागद घडी करून खिशात घातला होता. वीसही आकडे होते त्यावर. म्हटलं, दहाला पोचायचं, कागद समोर ठेवायचा, बारापर्यंत सगळं पूर्ववत. निदान माझी सवय तरी कामाला आली असं म्हणता आलं असतं.

जेवणाच्या टेबलावर मेलोडियन उघडलं. ही समोर बसली, सासूबाई खिडकीशी. हिने पहिलाच प्रश्न विचारला, "आत बाबांचे आकडे होते ना लिहिलेले?"

"पुसले," मी म्हटलं.

"का?"

"घाण दिसत होती."

खिशाकडे माझा हात जाणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पुसले तर पुसले. त्यांनी तरी आधी कानानेच लावलं होतं. ही तेव्हा सोळा वर्षांची, हिला शेजारी बसवायचे. ही 'बस' म्हणेल तिथे थांबायचे. आकडे मागाहून लिहिले त्यांनी. आताही तसंच करा."

मी हात टेबलावर ठेवला.

मग तसंच केलं. मी टोकाशी कानस फिरवायचो, ठोकळा वाद्यात बसवायचो, भाता ओढायचो. ही डोळे मिटून ऐकायची. "अजून." पुन्हा उघडायचं, पुन्हा घासायचं. "अजून थोडं." "बस." एकेका सुराला सात-आठ फेऱ्या. सेकंदाला किती लहरी उठतात ते मला कानाने मोजता येतं, मोजायचं नाही म्हटलं तरी मोजलं जातं, आणि कागद पाठ होता. बहुतेक ठिकाणी हिचा कान जुन्या आकड्याच्या जवळपास येऊन थांबत होता. एक-दोनदा तर नेमका तोच. मला हिचा इतका अभिमान वाटला की कानस हातातून निसटली.

सातव्या बटणाला, ओढतानाच्या सुराला, मी मनात म्हटलं, झालं. ही म्हणाली, "अजून."

"नक्की?" माझ्या तोंडून गेलंच.

"अजून."

मी घासलं. हे पातं पुन्हा खाली आणता येणार नव्हतं, मास्तर बोलले होते ते डोक्यात ठणकत होतं. "अजून थोडं," ही म्हणाली. मी घासलं. "बस." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि जरा कचरत विचारलं, "बरोबर आहे ना?"

उत्तर माझ्या खिशात होतं, माझ्या अक्षरात, तारखेसकट. घशापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "तूच वाजवून बघ."

हिने भाता ओढला आणि तो सूर पुरेपूर वाजवला. हसली. "हाच," म्हणाली. "बाबा ह्याच्यावर नेहमी रेंगाळायचे."

चार वाजले सगळं संपायला. मध्ये उभ्या-उभ्या ब्रेड खाल्ला. सासूबाईंनी त्यांची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली आणि काळ्या चष्म्याखाली बोट घालून डोळा पुसला. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायला मनाई केलीय. मी ते बोललो नाही.

ही जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "शाखेला नाही म्हणून सोमवारी कळवतेय."

"आणि घरी?"

"पुढचा महिना अर्धा झाला की बघू."

अर्धा म्हणजे पंधरा की सोळा, असं जिभेवर आलं होतं. "बरं," म्हटलं आणि चार पायऱ्या उतरलो. मग वर पाहिलं तर ही अजून तिथेच कठड्याला टेकून उभी होती.

घरी येऊन कागद वहीत ठेवला. सातवं बटण, ओढताना: आधीचं माप तीन. हिने "बस" म्हटलं तेव्हा पाच झाले होते. पाच फार होतात. हे मी फक्त इथे लिहून ठेवतो.